विमानाच्या खिडक्या

इंदापूर,
ता. ११ सप्टेंबर १९५५

चिरंजीव रतन यास,

तुझ्या आक्काचा पोटभर आशीर्वाद. इकडं सगळं बरं आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून तेवढं लिहून टाकते.

मागच्या आठवड्यात बारामतीला जाऊन आले. आईचा गुडघा फार धरलाय, पण घरात बसेल तर ती आई कसली. पाटाच्या पाण्यावर वांगी लावलीत, ती वाफ्यात बसूनच खुरपते आणि बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाला विचारते, "माझा रतन दिवाळीला यील का वं?" मी तिच्या हातातलं खुरपं घेतलं आणि उरलेला वाफा खुरपून टाकला.

परवा तुमच्या पलटणीचा कागद आला. यांचं नाव, हुद्दा आणि खाली लिहिलेलं की परवानगी न घेता छावणी सोडून गेले, घरी आले असल्यास ताबडतोब कळवावं. सासूबाईंनी पोस्टमनला उभ्या उभ्या सांगितलं, "न्हाय आला." आम्ही तसंच उलट टपाली कळवलं. तुलाही तेच कळवते. आले नाहीत.

मला कळायला दुसरा मार्ग नाही म्हणून तुला विचारते. भिगवणचा गेणू तुमच्याच तोफांच्या बॅटरीतून रजेवर आलाय. तो एस.टी. स्टँडवर चार माणसांत सांगत होता, की गलांडे नाईकानं हुकूम असताना तोफ डागली नाही, शत्रूचं विमान डोक्यावरून निघून गेलं, नाईक भ्याला. मी भाजीची पाटी तिथंच ठेवली आणि त्याला असा झापला की बिचारा चहा टाकून उठला. पण पाटी तिथंच विसरून घरी आले.

रतन, तू यांच्याच तोफेवर आहेस. दुर्बीण तुझ्या गळ्यात असते, असं तूच मागं मोठ्या ऐटीत लिहिलं होतंस. मग त्या संध्याकाळी तुला काय दिसलं? मोठं पत्र नको, जे दिसलं तेवढंच लिही. साहेब लोकांनी तुला विचारलं का? तू काय सांगितलंस?

बाजरीचं पीठ हल्ली लवकर संपतंय, जात्यावर बसून बसून खांदे भरून आलेत. म्हणून अक्षर वेडंवाकडं आलंय. दुसरं काही कारण नाही.

तुझी
आक्का


इंदापूर,
ता. २ ऑक्टोबर १९५५

रतन,

तुझं पत्र मिळालं. 'ढग होते. मला काही दिसलं नाही. साहेबांनाही मी तेच सांगितलं. आक्का, मला यात ओढू नको.' बास, एवढंच. आईची चौकशीसुद्धा नाही.

हे पत्र टपालानं पाठवत नाही. तुमच्याकडं पत्रं फोडून वाचतात म्हणे. गेणूची रजा संपली, तो निघालाय. त्या दिवशीच्या बोलण्याची त्याला लाज वाटली असावी, आपणहून दारात आला. त्याच्या सदऱ्याच्या अस्तरात शिवून देते आहे. वाचून चुलीत घाल.

हे इथंच आहेत. मागचं पत्र लिहिलं तेव्हाही माझ्या पाठीमागं भाकरी खात बसले होते. दिवसभर उसात असतात. पानांनी हात-तोंड कापून निघालंय. पाचट वाजलं की दचकतात. तोफेजवळ उभा राहणारा माणूस पाचटाला दचकतो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघते आहे.

तुला वाटत असेल बाईला काय कळतं. मला यांनी चुलीपुढं काड्या मांडून सगळं दाखवलंय. ही तोफ. चाकांवरची, ट्रकच्या मागं बांधून पाहिजे तिथं न्यायची आणि पाय टेकवून उभी करायची. हे रडार, लांबचं विमान त्याला आधी कळतं. हे हिशेबाचं यंत्र. गोळा वर पोचेपर्यंत विमान पुढं निघून जातं, म्हणून नेम विमानावर धरायचा नसतो, ते जिथं पोचणार तिथं धरायचा, आणि ती जागा हे यंत्र सांगतं. मी विचारलं, "पण इमान कुणाचं हे कोण सांगतं?" हे म्हणाले, "या तिघातलं कुणीच न्हाय. ते इमानतळावरनं टेलिफोनवर कळतं." मग तोफेची काडी उचलून त्यांनी पार परातीच्या पलीकडं ठेवली. "आमची तोफ साहेबांनी एकटीच टेकडीवर न्हेली. चाकं हायत म्हंजी न्हेता येतीच. रडार मागं ऱ्हायलं, तार मागं ऱ्हायली. गोळे तेवढे संगं दिले. आन् सांगितलं, दिवस मावळल्यावर खिंडीतनं जे यील ते दुश्मनाचं. डागायचं."

आपल्याकडं रानात राखणीला बसलेला माणूससुद्धा आधी हाक मारतो. समोरच्यानं आपलं आणि बापाचं नाव सांगितलं की गोफण खाली ठेवतो. तू स्वतः बाजरीच्या माळ्यावर बसून घसा फाटेपर्यंत ओरडलेला आहेस. हे मला विचारत होते, "इमानानं हाक कशी ऐकावी गं? आन् बापाचं नाव कसं सांगावं?"

त्यांच्या डोक्यात ते दुसरं विमानही बसलंय. श्रावणाच्या सुमाराला पेपरात आलं होतं, युरोपात एक प्रवासी विमान वाट चुकून दुसऱ्याच्या हद्दीत गेलं आणि लढाऊ विमानांनी ते पाडलं. एकही माणूस वाचला नाही. छावणीत सगळ्यांनी वाचलं आणि पेपर पुढं दिला. यांना तो पुढं देता आला नाही.

आता त्या संध्याकाळचं. विमान ढगातून एकदम खाली आलं, खिंडीतूनच. तोफ भरलेली होती. सगळे यांच्या हाताकडं बघत होते, हात खाली आला की गोळा सुटणार. तू दुर्बीण लावलीस. तुमची शिस्त अशी, की दुर्बीणवाल्यानं मोठ्यानं ओरडायचं, 'अपना' नाहीतर 'दुश्मन', म्हणजे अख्ख्या तोफेला ऐकू जातं. तू ओरडला नाहीस. तू यांच्या कानाशी आलास आणि घरी ओट्यावर बोलावं तसं बोललास.

"दाजी, थांबा. खिडक्या हायत. आत उजेड हाय. माणसं बसल्यात."

तोफेवरचे बाकीचे सगळे मद्रासकडचे. कुणाला काही कळलं नाही. यांनी हात वरच धरला आणि विमान डोक्यावरून गेलं.

आता विमान कंपनीवाले म्हणतात, आमचं विमान ठरल्या वाटेनंच गेलं, तिकडं फिरकलंच नाही. वाट चुकलो असं कबूल कोण करतो? म्हणून साहेब म्हणतात की ते शत्रूचंच होतं, फोटो काढून गेलं, आणि नाईक गलांड्यांनी भिऊन जाऊ दिलं. एकट्या तुला खिडक्या दिसल्या रे. साऱ्या जगात तुला एकट्याला. आणि तू लिहितोस ढग होते.

काल जेवताना हे बोलले, "ट्रेनिंगात एक साहेब सांगत हुता, अमेरिकेत तोफंच्या जागी अग्निबाण उभं केल्यात. खालनं रडार त्येला इमानाच्या अंगावर वळवत न्हेतं. उद्या त्येबी चाकावर बसतील आन् कुनीबी कुठंबी न्हेऊन उभं करील. गोळा चुकतो तरी. त्यो चुकायचा न्हाय. आन् त्येच्याशेजारी दुर्बीण घिऊन आपला रतन नसंल." आपला रतन म्हणाले. तुझं ते चार ओळींचं पत्र मी त्यांना दाखवलं नव्हतं. अजून दाखवलेलं नाही.

साहेबांपुढं जा. जे यांच्या कानात सांगितलंस ते मोठ्यानं सांग. मी तुझ्या पाया पडते. मोठी बहीण असून पाया पडते.

कौसल्या


इंदापूर,
ता. २३ ऑक्टोबर १९५५

रतन,

हे गेले. तिकडं पोचले असतील, तुम्ही त्यांना कोठडीत घातलंही असेल.

हे पत्र सरळ टपालात टाकते आहे. आता हे घरात नाहीत, कुणी फोडलं तर खुशाल फोडू दे.

चौकीतून हवालदार आला होता. चांगला माणूस. ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि सासूबाईंना म्हणाला, "द्वारकाबाई, पळसनाथाची शपथ घिऊन सांगा, पोरगा घरी आलाय का?" म्हातारीनं हात उंच करून शपथ घेतली. "पळसनाथा, माझा ल्योक घरात आला असंल तर मला पोराचं तोंड पुन्यांदा दिसू न्हाय." हे पडवीत कडब्याच्या मागं उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं.

हवालदार गेल्यावर हे बाहेर आले. म्हातारी चुलीपाशी नुसती हलत बसली होती. हे म्हणाले, "माझ्यापायी आईनं देवाची खोटी शपथ घ्यावी, एवढं न्हाय चालायचं." मी पदर पसरला, वाटेत आडवी झाले, नको नको ते बोलले. तुम्ही गेलात तर विहीर जवळ करीन, असंही बोलले. त्यांनी मला उठवलं, बसवलं आणि मग ती गोष्ट सांगितली जी इतके दिवस सांगितली नव्हती.

मी समजत होते हे शिक्षेला भिऊन पळाले. मीसुद्धा मनात तेच समजत होते, रतन, आणि वरवर गेणूला झापत होते. तसं नव्हतं. साहेब यांना रोज एकच विचारत होते, "तुला कुणी थांबवलं?" तुझं नाव घेतलं असतं तर तू अडकला असतास, कारण शिस्तीनं ओरडायचं सोडून तू कानात बोललास. साहेब म्हणाले असते, साल्या-मेहुण्यांनी संगनमत केलं. आणि ते रोज विचारत होते. कधीतरी आपल्या तोंडून नाव निघून जाईल, या भीतीनं हे तिथून निघाले. तुझ्यासाठी पळपुटे झाले.

मी विचारलं, "मग आता काय सांगणार?"

"सांगनार की खिडक्या मीच बघितल्या. उघड्या डोळ्यांनी."

"त्यांना खरं वाटंल?"

"न्हाय वाटायचं," म्हणाले. "दुर्बिणीबिगर दिसतच न्हाईत त्या."

असं बोलून शेजारी जाऊन यावं तसे भिगवणच्या गाडीला गेले. मला स्टँडपर्यंतही येऊ दिलं नाही. म्हातारीनं त्या शपथेपासून अन्न सोडलंय. पोराचं तोंड दिसणार नाही असं ती स्वतःच बोलून बसली आणि तो गेला. तिला मी काय समजावू? मला स्वतःलाच रडता येत नाही, डोळे नुसते जळतात. आईला अजून काही माहीत नाही. तिनं तुझ्यासाठी वांग्याचा एक वाफा बियाण्याला राखलाय.

कोर्ट बसणार आहे असं गेणूनं कळवलंय. पळून गेल्याची शिक्षा व्हायची ती होईल, तिचं मी काही म्हणत नाही. पण भेकड म्हणून? शत्रूला वाट दिली म्हणून? ते विमान कुठंतरी उतरलं असेल. त्यातली माणसं पायऱ्या उतरून आपापल्या घरी गेली असतील, जेवली असतील, पोरांना जवळ घेऊन झोपली असतील. आपल्याकडं खालून कुणीतरी बघितलं होतं हे त्यांना कधी कळायचंही नाही. त्यांच्यातला कुणी साक्षीला येणार नाही. येऊ शकतोस तो फक्त तू.

लग्न झाल्यापासून उखाण्याशिवाय मी यांचं नाव घेतलेलं नाही. आज लिहिते. तुला शब्द जुळवायलाही जड जात असेल, म्हणून मीच जुळवून देते:

'नाईक सावळाराम आबाजी गलांडे यांनी तोफ डागली नाही, कारण विमानात माणसं आहेत असं मी त्यांना सांगितलं. दुर्बीण माझ्या हातात होती. खिडक्या मी पाहिल्या.'

एवढं कापून घे आणि खाली सही कर. खाली जागा सोडली आहे.

तुला कुणी विचारणार नाही. हे तुझं नाव काढणार नाहीत, मारलं तरी काढणार नाहीत, आणि मीही कोर्टाच्या दारात येऊन ओरडणार नाही. त्यांनी मला तसं वचन द्यायला लावलंय. आईलासुद्धा मी कधी सांगणार नाही. तू दिवाळीला ये, वांगी खा, तुझ्या बाहीवर नाइकाची फीत लागली असेल तर ती गावाला दाखव. मी तुला ओवाळीनसुद्धा, कारण नाही ओवाळलं तर आई विचारील.

फक्त मी ताट घेऊन समोर उभी राहीन तेव्हा माझ्या डोळ्यांकडं बघू नकोस.

अजून तरी तुझीच आक्का,
कौसल्या सावळाराम गलांडे