दोन यार्डांवर सुटलेला चेंडू

एल्क फोर्क, नेब्रास्का
मंगळवार, १२ नोव्हेंबर २०१९

प्रिय वेंडेल,

पाकिटावरचं नाव वाचून हे पत्र तू चुलीत टाकलं नसशील, तर बरा असशील अशी आशा करतो. माझे गुडघे गेले, आवाज अजून शाबूत आहे. परवा पहिला बर्फ पडला. कॉलेजच्या भोजनगृहात गरम चिलीचे वाडगे आणि दालचिनीचे रोल सुरू झाले. तू एका बैठकीत चार रोल संपवायचास, ते तिथल्या म्हाताऱ्या बाईला अजून आठवतं.

तुझ्या संघातला कर्मिट व्हॉस ऑक्टोबरात गेला. तुला कुणी कळवलं असेल-नसेल.

येत्या शनिवारी होल्डनशी फुटबॉलचा सामना आहे. मध्यंतरात आमच्या कॉमेंट्रीच्या खोलीला माझं नाव देणार आहेत. त्याआधी दरवर्षीप्रमाणे सत्त्याहत्तर सालच्या माझ्या रेडिओ कॉमेंट्रीची ती फीत भोंग्यावर लावतील: "टार्प्ली! टार्प्ली, काय केलंस हे!" सात हजार माणसं माझ्याबरोबर ओरडतील. आता पोरंसुद्धा ओरडतात. त्यांना वाटतं टार्प्ली म्हणजे हातातलं काहीही पाडणारा माणूस. कॅफेत कुणाचा कप फुटला तरी तुझं नाव घेतात.

मी इकडचं तिकडचं लिहीत बसलोय, हे मला कळतंय.

त्या दिवशी गोलरेषा दोन यार्डांवर असताना आपल्या पोराच्या हातून चेंडू सुटला आणि सामना गेला, पण चिखलात एकाच्याही जर्सीवरचा नंबर दिसत नव्हता. अशा वेळी "चेंडू सुटला" एवढंच म्हणायचं आणि थांबायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. शेजारी माझी बायको मॅक्सीन खेळाडूंच्या नावांचा फळा मांडीवर घेऊन बसायची. कुणाकडे चेंडू, त्याच्या नावावर बोट ठेवायची. मी खाली पाहिलंच नाही. तुझं नाव तोंडात आलं आणि मी ते फेकलं.

घरी जाताना गाडीत ती म्हणाली, "हार्लन, माझं बोट कर्मिटवर होतं."

"थंडीनं तुला नीट दिसलं नसेल," मी म्हणालो.

पुढच्या मोसमापासून ती माझ्याशेजारी बसायला आली नाही. तिला जाऊन सहा वर्षं झाली. हा विषय आम्ही पुन्हा काढला नाही.

सोमवारी कोचनं मला सामन्याची फिल्म दाखवली. चेंडू कर्मिटकडे होता. तू त्याच्यापुढे वाट मोकळी करत होतास, दोन्ही हात रिकामे. पण तोवर माझी आरोळी ओमाहाच्या रेडिओ स्टेशनवर वाजली होती आणि मला तिथून कौतुकाचा फोन आला होता. मी मूग गिळून बसलो. पुढे कॉलेजच्या संघाचा इतिहास लिहिला, त्याच्या चार आवृत्त्या निघाल्या, आणि चारही वेळा पान २१२ वर मी तुझंच नाव छापलं. फिल्म माझ्याच कपाटात होती, वेंडेल.

आणि तुझे वडील. शनिवारी दुकान बंद ठेवता येत नाही म्हणून लॉइड रेडिओवर सामने ऐकायचा. त्या आठवड्यात मी त्याच्याकडे गुरांचं खाद्य आणायला गेलो. तो म्हणाला, "पोरगं म्हणतंय, चेंडू त्याच्याकडे नव्हताच. मग कुणाकडे होता, तर ते सांगत नाही. मी म्हटलं, लबाडी करू नकोस. हार्लन वरून बघत होता. तो प्रत्येक सामन्याच्या शेवटी काय म्हणतो? 'जे पाहिलं तेच सांगितलं.'"

मी मान डोलावली. त्यानं दोन पोती स्वतः उचलून माझ्या गाडीत ठेवली.

तू त्याच हिवाळ्यात वायोमिंगला गेलास. परत आलास तो लॉइडच्या दफनाला. मी चर्चमध्ये शेवटच्या रांगेत होतो. तू मला पाहिलंस, आणि तसाच माझ्यासमोरून दाराबाहेर गेलास. शिव्या दिल्या असत्यास तर मला सोपं गेलं असतं.

कर्मिटला मी दवाखान्यात भेटलो होतो. तो म्हणाला, "सामन्यानंतर कपडे बदलायच्या खोलीत कोचनं सांगितलं होतं, इथं कुणी कुणाकडे बोट दाखवायचं नाही. वेंडेलनं ते पाळलं. मी त्याच्या आड लपलो. पण तू त्या खोलीत नव्हतास, हार्लन. तुला कुणी अडवलं होतं?"

मला कुणीच अडवलं नव्हतं. कर्मिट जायची वाट पाहिली, असं तू म्हणशील. खरं आहे.

पाचवी आवृत्ती छपाईला गेली आहे. पान २१२ मी नव्यानं लिहिलं. कॉलेजचा माणूस म्हणाला, "सर, लोकांना ते वाक्य पाठ आहे, कशाला हात लावता?" मी म्हटलं, पान बदला नाहीतर माझं नाव काढा. पान बदललं. सोबत जोडलंय.

शनिवारी फितीनंतर दोन मिनिटं माईक माझ्याकडे आहे. कर्मिटचं नाव घेईन, तुझं घेईन, माझंही. पण बेचाळीस वर्षांत माझी जीभ ऐन वेळी किती वेळा वळली नाही, ते मला ठाऊक आहे. म्हणून हे आधी कागदावर, माझ्या सहीनं, तुझ्या हाती. मी शनिवारी कच खाल्लीच, तर हे कुणालाही दाखव.

लॉइडला मात्र हे आता कुणीच ऐकवू शकत नाही. त्याची माफी मी तुझ्याकडे मागत नाही. ती देणं तुझ्या हातात नाहीच.

जे पाहिलं, ते न सांगितलेला,
हार्लन स्ट्राउड