विहिरीकडचा पेरू

एरंगळ, मढ
गुरुवार, ६ नोव्हेंबर १९८६, सकाळी सव्वासहा

प्रिय द्रौपदी,

आत्ता सहावं झाड उपटून आलोय. हात दोनदा धुतले आणि मगच कागद घेतला. तुझ्या नानांनी वाडीतले नऊ पेरू माझ्या हवाली केले होते. त्यातले तीन उरलेत, त्यांचीही पानं पिवळी पडतायत. नानांना अजून सांगितलेलं नाही. मोतीबिंदूमुळे त्यांना धूसर दिसतं. सकाळी येऊन ते खोडावर हात ठेवतात, आणि मी त्यांना त्या तिघांपाशीच फिरवून परत आणतो.

श्रावणात विहिरीकडच्या पेरूचा शेंडा सुकला. मर म्हणतात या रोगाला. बुरशी मुळांतून शिरते आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. शेतकी खात्याचे साहेब म्हणाले, समुद्रातलं शेवाळ कुजवून त्याचं पाणी मुळांना दे, झाडाला जोर येतो. शेवाळ आपल्या खडकांवर फुकट. खार जावा म्हणून गोड्या पाण्यात तीन वेळा धुतलं, गूळ-शेण घालून एकवीस दिवस पिंपात ठेवलं, एक तांब्या अर्काला दहा तांबे पाणी, सगळं वहीत लिहून. आई हसायची, "झाडांना कालवण वाढतोस काय रे? मीठ तरी चाखून बघ!" मी खरंच चाखलं.

पंधरा दिवसांत त्या झाडाला दोन कोंब फुटले. त्या दिवशी तुला लिहावंसं फार वाटलं, पण तुझ्या लग्नानंतर लिहायचं नाही असं आपलं ठरलं होतं. मग कोंब करपले, शेजारच्या झाडाने मान टाकली, मग त्याच्या शेजारच्याने.

काल साहेब पुन्हा आले. औषध द्यायला सुरुवात कुठून केलीस, म्हणाले. मी म्हटलं, सगळ्यांत आजारी झाडापासून, घरातसुद्धा आधी आजाऱ्याचंच बघतात. ते माझ्या कुदळीकडे बघत राहिले. पाणी मुरावं म्हणून मी एकेका बुंध्याभोवती आळं खणलं होतं, बारीक मुळं तोडत, त्याच कुदळीने, तिला चिकटलेल्या त्याच मातीसकट. औषध खोटं नव्हतं, द्रौपदी. शेवाळ मी तीन वेळा धुतलं, कुदळ एकदाही नाही.

पण नुसतं हे सांगायला मी शब्द मोडला नसता. काल मी साहेबांना पोचवायला गेलो, तेवढ्यात नानांनी विहिरीकडची माती गोणीत भरून तुझ्या भावाकडे, चंदरकडे दिली. लेकीच्या झाडाला माहेरची माती. मी धावत गोरेगावला, तो कामाला आहे त्या स्टुडिओच्या फाटकापर्यंत गेलो, तर तो शूटिंगच्या गाडीबरोबर बाहेरगावी गेलेला. रविवारी परस्पर तुझ्याकडे दिंडोशीला येईल. म्हणून हे एक्सप्रेस डिलिव्हरीने धाडतोय. ती गोणी उघडू नकोस. बांधलेलीच लांब कचऱ्यात टाकायला लाव, चंदरच्या चपला दाराबाहेर धू, पाणी झाडाकडे जाऊ देऊ नकोस. लग्नात नानांनी फांदीला मुळं फोडून तुला दिलेली ती गुटी विहिरीकडच्याच झाडाची. वाडीतलं आता तेवढंच राहील. ते जगलं तर त्यावर पुन्हा गुट्या बांधता येतील. कशा बांधायच्या ते मी चंदरला शिकवीन. मी स्वतः येणार नाही, माझ्या पायांना इथलीच माती आहे.

तुझाच,
बळवंत