चालू इंजिनवरचं टर्मिनल

अप्पा, आज थेरगावच्या काकांची जुनी पांढरी गाडी आपल्या दुकानात आली होती, आणि चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल मी काढलं नाही. पुढेही काढणार नाही. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, तरी रहाटणीच्या या दुकानात निम्मी गिऱ्हाईकं अजून तुमचीच रीत मागतात. गाडी चालू करायची, टर्मिनल उचलायचं; इंजिन बंद पडलं तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर गेला, चालू राहिलं तर ठीक. दोन सेकंदांत निकाल. बघणाऱ्याला जादू वाटते. मलाही वाटायची. दहावीच्या सुट्टीत तुमच्या शेजारी उभी राहून मी ते पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा कुठल्याच बाईंचा किंवा सरांचा वाटला नव्हता इतका तुमचा अभिमान वाटला होता.

मग आणखी एक दिवस आठवतो. मी आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुम्ही एका गाडीचं टर्मिनल उचलता, हेडलाइट क्षणभर भगभगीत पांढरे होतात आणि आतला गाण्यांचा टेप कायमचा बंद पडतो. मालक समोर चहाला गेलेला. मी हळूच म्हणते, "अप्पा, बॅटरी काढली की व्होल्टेज उसळतं. ते बॅटरीच झेलत असते. आम्हाला शिकवलंय." तुम्ही हात पुसत म्हणता, "टेप आधीच गेलेला व्हता. आन् तू मला शिकवायलीस का? मीटर बघून गाडी कळत नसती, कानानं कळती." मालक आल्यावर तुम्ही त्यालाही तेच सांगितलंत, आणि तो माझ्याकडे बघत असताना मी होकारार्थी मान हलवली. ती हललेली मान मला अजून टोचते. तेव्हापासून मी प्रत्येक गोष्ट तीनदा तपासते. गिऱ्हाईक कंटाळतं, आई ओरडते, पण सवय सुटत नाही.

काकांनी वर्षभरात दुसरी बॅटरी घातली होती, तरी सकाळी गाडी सुरू करताना सेल्फ मंद फिरायचा. वाकडच्या मोठ्या गॅरेजनं अल्टरनेटरच बदला म्हणून सांगितलं, म्हणून ते इकडे आले. बॉनेटवर हात टेकून म्हणाले, "पोरी, तुझा बाप टर्मिनल उचलायचा. तू बी उचल, झटक्यात कळंल."

"मी नाही उचलत, काका. मीटर लावते."

"का? भ्या वाटतंय व्हय?"

"हो, वाटतं. तुमच्या गाडीचं."

ते हसले, पण खुर्चीवर काही बसले नाहीत. "अर्ध्या तासात न्हाई सांगितलंस तर मी चाललो वाकडला. आन् मग गावातली बाकीची बी तिकडंच जात्याल, आत्ताच सांगून ठेवतो." ही धमकी पोकळ नव्हती. तुमच्या जागी मुलगी काम करते म्हणून बरीच गिऱ्हाईकं कधीच गेली. जी उरलीत ती काकांच्या शब्दावर टिकून आहेत. तीही गेली तर शटर ओढायचं, एवढंच उरतं.

तरी क्रम मी मोडला नाही. इंजिन सुरू केलं, हेडलाइट आणि ब्लोअर लावला. बॅटरीवर जेमतेम तेरा व्होल्ट. चौदाच्या आसपास हवे होते. बेल्ट घट्ट होता. मग थेट अल्टरनेटरवर मीटर धरला, तर तिथे चौदा पूर्णांक तीन. म्हणजे तो बिचारा आपलं काम करत होता, वीज वाटेतच अडत होती. तुमच्या रीतीनं हा दोष कधीच सापडला नसता, अप्पा. तुम्ही टर्मिनल उचललं असतंत, इंजिन चालू राहिलं असतं, आणि 'बॅटरीच खराब' म्हणून तुम्ही काकांना तिसरी बॅटरी घालायला लावली असतीत. मी मीटरचं एक टोक इंजिनला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला लावलं. जिथे जवळजवळ शून्य यायला हवं, तिथे एक पूर्णांक दोन आलं. म्हणजे दोष अर्थिंगच्या वायरीत. तिसऱ्यांदाही तेवढंच आलं, तेव्हा गाडी बंद करून मी खाली सरपटले.

इंजिनपासून बॉडीला जाणारी वायर मध्येच जोडलेली होती. वर वायरिंगची काळी टेप, आणि टेपवर पांढरा दोरा. इंजिनच्या उष्णतेनं टेप सुटते म्हणून तिच्यावर आईच्या शिलाई मशीनचा दोरा गुंडाळणारा माणूस या पट्ट्यात एकच होता. मी दोरा कापला. आत तांब्याच्या तारांना नुसता हातानं पीळ दिलेला, हिरव्या पडलेल्या, हात लावताच भुगा होणाऱ्या. मी तो जोड कापून काढला. 'जुनी वायर होती' एवढं म्हटलं असतं तरी कुणी काही विचारलं नसतं.

तुकडा हातात घेऊन बाहेर आले. काकांनी विचारलं, "कुनी केलंय हे?"

"अप्पांनी."

"ह्या! तुझा बाप असलं काम करत नव्हता."

"केलंय, काका. इथे अखंड वायर लागते, पीळ देऊन चालत नाही."

"मेलेल्या मानसाला नावं ठिवतीस?"

"माणूस मेला म्हणून जोड बरोबर होत नाही."

मी जाड वायर कापली, दोन्ही टोकांना थिंबल, म्हणजे धातूच्या टोप्या, दाबून बसवले, बॉडीवरचा गंज खरवडून वायर पक्की केली. गाडी सुरू केली आणि मीटर काकांच्याच हातात दिला. त्यांनी चष्मा वर-खाली करून आकडा वाचला, चौदा पूर्णांक एक. मग स्वतः जाऊन हेडलाइट लावले, ब्लोअर लावला, परत येऊन पुन्हा वाचला. "त्योबी कुनाचं ऐकत नव्हता," म्हणाले, "आन् तू तर त्याचंबी ऐकंना." गाडीत बसताना काच खाली करून त्यांनी विचारलं, "उद्या जावयाची गाडी लावू का? तिचा एसी चालत न्हाई."

मी लावा म्हटलं.

तुमच्याकडून उलट उत्तर येणार नाही, म्हणूनच मी इतकं लिहू शकले, हे मला कळतं. हा कागद कुठे जाणार नाही, वहीतच राहील. दिवसभर मी स्वतःला सांगतेय की काकांना खरं सांगितलं ते प्रामाणिकपणापायी. ते अर्धंच खरं आहे. तुमची चूक काकांसमोर तुमच्या नावानं सांगताना, अप्पा, मला बरं वाटलं होतं.