पाचवी सही

३ जून

आले एकदाची. छप्पन्नाव्या वर्षी नवी नोकरी म्हणून सकाळी वाटलेली धास्ती दुपारच्या चहापर्यंत विरघळून गेली.

लेक म्हणत होती, आई, आता स्वस्थ बसायचं सोडून हे काय खूळ डोक्यात घेतलंस? स्वस्थ बसणं म्हणजे भिंतीकडे बघत राहणं, आणि भिंतीचं नि माझं कधी जमलं नाही. अठ्ठावीस वर्षं शाळेच्या कचेरीत काढली. टायपिंग स्वतः शिकले, कॉम्प्युटर लेकीच्या जुन्या वह्या उघडून शिकले. स्वतः दहावीच्या पुढे गेले नाही, आणि आता पीएच.डी. करणाऱ्यांची विद्यार्थी कल्याण अधिकारी! माझं मलाच हसू येतं.

कचेरी दुसऱ्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला. समोर विद्यार्थ्यांची अभ्यासिका, सतरा टेबलं. मी मोजली, सवय आहे. माझे खण मात्र चाटूनपुसून स्वच्छ. एक टाचणी नाही, चिटोरं नाही, आधीच्या माणसाचा चहाचा डागसुद्धा नाही.

विभागप्रमुख सर फार गोड बोलतात. सतराही मुलांचे गाइड तेच. त्यांच्या टेबलावर एक पेन आणि ते स्वतः, बाकी काही नाही. शिपाईकाका निम्मं बोलतात आणि उरलेलं निम्मं चहात ढवळतात.

मुलांनी तासाभरात मला मावशी करून टाकलं. एक उंच, वाकलेला मुलगा सात वर्षं गोगलगायींवर काम करतोय आणि चालतोही त्यांच्याच वेगाने. त्याचं नाव मी मनात गोगलगाय ठेवलं. एक मुलगी बियांवर काम करते. तिच्या खिशात, पर्समध्ये, पुस्तकात कागदाच्या पुड्याच पुड्या, आणि तोंड सारखं चालू, बोलायला नाहीतर शेंगदाणे खायला. ती खारूताई. मला म्हणाली, मावशी, तुम्ही टिका हं, इथे कल्याण करणारं कुणी टिकत नाही.

१२ जून

काम कळलं. अर्ज, रजा, सहामाही अहवाल आणि सर्वात मोठी डोकेदुखी म्हणजे क्लिअरन्सचा फॉर्म. प्रबंध मंजूर झाला की विद्यार्थ्याने तो घेऊन दारोदार हिंडायचं. ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह, गाइड अशा चार सह्या झाल्या की पाचवी माझी. माझ्या सहीच्या वर छापलंय: ‘सदर व्यक्तीचे येथे काहीही शिल्लक नाही.’

पोरं आधीच अर्धमेली झालेली असतात, त्यात हे. मी ठरवलं, फॉर्म आपणच फिरवायचा. माझे पाय अजून धड आहेत.

सर खूश झाले. काका मात्र कप ठेवता ठेवता म्हणाले, आधीच्या बाई फार रखडवायच्या. मी म्हटलं, असतात अशी माणसं, खुर्ची मिळाली की बूड हलत नाही. काका रिकामा ट्रे घेऊन निघून गेले.

२१ जून

गोगलगाय पास! व्हायवा संपवून आला तेव्हा पोरगा चक्क पळत होता. मी एका दिवसात चारही सह्या गोळा केल्या आणि पाचवी त्याच्यासमोर केली. म्हणाला, मावशी, तुम्ही नसतात तर मी इथेच म्हातारा झालो असतो. मी म्हटलं, जा आता, आईच्या हातचं जेव आणि चार दिवस झोप काढ.

डोळे भरून आले माझे. काय वेडी आहे मी.

२ जुलै

आज एक विचित्रच.

सहामाही अहवालांसाठी यादी काढली. सोळा नावं. अभ्यासिकेत सोळा टेबलं. बरोबर आहे, सोळाच तर आहेत. घरी येऊन सहज ही वही चाळली, तर पहिल्याच पानावर सतरा. पुढे एका मुलाबद्दल भरभरून लिहिलंय. सात वर्षं गोगलगायींवर काम केलं म्हणे, माझ्यासमोर सही घेतली म्हणे.

अक्षर माझं. शाई माझी. मुलगा कोण?

इतकं वय झालं का माझं?

५ जुलै

खारूताईला आडून विचारलं. ती खो खो हसली. मावशी, गोगलगायींवर इथे कोण काम करणार, त्या पळून जातील ना!

हसले मीही. मग ग्रंथालयात गेले. नव्या पुस्तकांच्या फळीवर एक जाडजूड ग्रंथ, विषय गोगलगायी. लेखक, आपले सर. त्याच्या शेजारी शेवाळावर एक, मुंग्यांवर एक, पोलादाच्या गंजावर एक. सगळे सरांचे. एवढे विषय एका माणसाला येतात? आणि लिहितात कधी? त्यांच्या टेबलावर तर कागदही दिसत नाही.

परत आले तर सर माझ्या कचेरीत उभे. हसून विचारलं, बाई, ग्रंथालयात काय काढलंत? मी म्हटलं, वेळ घालवायला एखादी कादंबरी. ते म्हणाले, चांगली सवय आहे, लिहिता वगैरे नाही ना काही?

मी नाही म्हणाले. का कोण जाणे, पण खोटं बोलले.

११ जुलै

आज मुद्दाम सोळाही मुलांची नोंद करून ठेवते. सवयी, गावं, कोण काय खातं, सगळं. (पुढची चार पानं तीच आहेत.)

त्यातला सातवा बोलघेवडा. याची जीभ झोपेतसुद्धा चालत असावी. त्याचा फॉर्म आज आला. सही झाली की ताईला कळवा म्हणून बहिणीचा नंबर देऊन गेला, तो इथेच लिहून ठेवते.

पाचव्या रकान्याशी हात अडखळला. मनात म्हटलं, दोन दिवस थांबावं. पण सर टेबलाला टेकून उभे होते. म्हणाले, बाई, तुमच्या झपाट्याचं मी वर कौतुक केलंय, आता माझी मान खाली नका घालायला लावू.

केली सही. भिडेखातर केली.

१२ जुलै

पंधरा टेबलं.

कालचं पान तीनदा वाचलं. सातवा — बोलघेवडा — कोण? त्याच्या फॉर्मवर मी सही केली असं मीच लिहिलंय. आठवत काही नाही. चेहरा नाही, आवाज नाही.

वहीतल्या नंबरवर फोन लावला. बाई उचलून म्हणाली, भाऊ? आम्ही दोघी बहिणीच. चुकीचा नंबर लागला असेल. मी ठेवणार एवढ्यात तिनेच थांबवलं. म्हणाली, तुम्ही भाऊ का म्हणालात? कालपासून बाबा जेवताना एक ताट जास्त घेतात आणि कुणासाठी ते त्यांनाच सांगता येत नाही.

फोन ठेवला आणि वहीतलं माझ्या सहीचं वाक्य पुन्हा वाचलं.

मीच केलं हे. धावून धावून, हौसेने, एका दिवसात.

१४ जुलै

काकांना धरलं. आधीच्या बाई का रखडवायच्या? ते म्हणाले, मला त्या आठवत नाहीत. मग तुम्ही मला सांगितलंत कसं? त्यांनी चहाच्या कपाटाचं दार उघडून दाखवलं. आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलेलं. ‘कचेरीतल्या बाई सह्या रखडवतात. म्हणून पोरं वाचतात.’ अक्षर काकांचं. कधी लिहिलं ते त्यांना ठाऊक नाही.

म्हणाले, बाई, मी रोज वाचतो आणि रोज घाबरतो. मला पेन्शनीत काढू नका, माझाही फॉर्म तुमच्याकडेच येईल.

१९ जुलै

खारूताईचा प्रबंध मंजूर.

नाचत आली. चार सह्या तिने स्वतःच मिळवल्या होत्या. म्हणे, मावशी, तुमचे पाय वाचवले! आई आजारी आहे तिची. डिग्री घेऊन घरी गेलं की ती उठून बसेल असं हिला वाटतं. सहा वर्षं झाली पोरगी नीट घरी गेलेली नाही.

मी म्हटलं, शिक्का सापडत नाही.

२२ जुलै

शिक्का सापडला, मग शाई संपली. शाई आली, मग तारखेत खोट काढली. अठ्ठावीस वर्षांत लोकांच्या ज्या युक्त्यांवर दात ओठ खाल्ले, त्या सगळ्या वापरल्या.

शेवटी तिला खरं सांगितलं. वही दाखवली. तिने वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि आजारी माणसाशी बोलावं तसं हळू बोलली. मावशी, तुम्ही डॉक्टरांकडे जा. मग आवाज चढला. माझी आई वाट बघतेय हो! मला वाटलं होतं, तुम्ही तरी आमच्यातल्या आहात.

दार आपटून गेली. बरोबर आहे तिचं.

बियांवरचा ग्रंथ येणार असल्याची पाटी ग्रंथालयात लागली आहे. लेखकाचं नाव छापून तयार. तिचं नाही.

२५ जुलै

सर आले. आवाज तितकाच गोड. म्हणाले, बाई, संस्थेत कुणाचं काही शिल्लक राहिलेलं मला खपत नाही. घर कसं स्वच्छ असावं. सोमवारपर्यंत सही करा, नाहीतर तुम्ही दमलात असं समजून रजेवर पाठवीन. अधिकारी रजेवर असला की त्याची सही मी करतो.

म्हणजे पळून उपयोग नाही. आजारी पडून नाही. दार लावून घेऊन नाही.

पाळत आहे माझ्यावर. बोळात पावलं थांबतात — पुढे जात नाहीत.

२७ जुलै

नियमांचं पुस्तक. कुणी वाचत नाही ते. मी वाचते, कारण मला दुसरं काही येत नाही.

पान एकशे चार. अधिकारी गैरहजर असल्यास विभागप्रमुखांची सही. त्याच्या खाली बारीक अक्षरांत: पद रिक्त असल्यास पाचवा रकाना गैरलागू समजावा आणि पदवी चार सह्यांवर द्यावी.

गैरहजर वेगळं, रिक्त वेगळं. पुन्हा वाचलं. वेगळंच आहे. पद रिक्त असेल तर ‘काहीही शिल्लक नाही’खाली खारूताईसाठी कुणाचीच सही नाही.

पद रिक्त करायचं तर राजीनामा. राजीनाम्याला महिना लागतो — पण सोबत क्लिअरन्सचा फॉर्म जोडला आणि तो पुरा झाला, की पद त्या क्षणी रिकामं.

तोच फॉर्म. पाचवा रकाना अधिकाऱ्याचा. म्हणजे माझा.

आधीच्या बाईंनीही हे पान वाचलं असेल.

२९ जुलै

माझ्या फॉर्मवर चार सह्या झाल्या. सरांनी न वाचता केली, खुशीतच. पीडा गेली म्हणत असतील. नवे गृहस्थ सोमवारी अकराला रुजू होतील म्हणाले. आधीच ठरवून ठेवलं होतं तर.

मी साडेदहाला सही करीन. अर्धा तास. एवढ्यात होईल का?

खारूताईला निरोप: सोमवारी साडेदहाला समोरच्या इमारतीत, पदवी खिडकीशी, फॉर्म घेऊन उभी राहा, पाचवी सही लागणार नाही. तिने फोनवरच वेळ लिहून घेतली. मग म्हणाली, मावशी, आधीच सांगायचं ना हो. रडत होती बहुतेक. मला सॉरी म्हणाली. मला!

रविवार

लेकीचा फोन. जावयाची तक्रार, नातवाचा पडलेला दात, नव्या पडद्यांचा रंग. मी म्हटलं, आणखी सांग. ती म्हणाली, आई, आज तुला काय झालंय, फोन ठेव की. मी ठेवला नाही. तिनेच ठेवला.

तिला काही सांगितलं नाही. उद्यापासून आठवायला मीच नसेन, म्हणजे तिला दुःखही नसेल. एवढं एक बरं.

तिच्या घरी कुणी ताट जास्त घेऊ नये —

सोमवार, दहा वीस

या खुर्चीत जो कुणी बसेल त्याने ही वही वाचावी. काकांच्या कपाटात, डब्यामागे ठेवायला सांगितलंय. मग रखडवावं. शिक्का हरवावा, शाई सांडावी. पान एकशे चार पाठ करावं.

दहा एकतीस

केली.

पदवी खिडकीसाठीचं पत्र काकांच्या हातात दिलं. ‘पद रिक्त आहे.’ वही इथेच टेबलावर राहू द्या, परत येऊन ठेवा म्हटलं. काका दारापर्यंत गेले, वळले, नम्रपणे म्हणाले — आपण कोण? कुणाकडे काम होतं?

जा, काका. पत्र पोचवा. ते गेले — पत्र घेऊन गेले —

दारावरची पाटी कोरी.

दहा पन्नास

खाली आवार दिसतं. काका आत गेले समोर. अजून कुणी बाहेर नाही.

जिन्यावर सरांचा आवाज. कुणाला तरी कचेरी किती हवेशीर आहे ते सांगताहेत. लवकर आले. दहा मिनिटं — लवकर —

लेकीचं नाव काय — होतं, जिभेवर आहे —

आली! बाहेर आली. हातात कागद, लाल शिक्का दिसतो इथून. पळतेय, उड्या मारतेय, पुड्या सांडल्या सगळ्या, वेचायलाही थांबली नाही — मग थांबली. वर पाहतेय. इकडेच. मी हात हलवते आहे, दोन्ही हात — ती या खिडकीकडेच पाहतेय, कुणाला तरी काहीतरी दाखवायचं असल्यासारखा कागद वर धरलाय, आणि आता हळूहळू खाली — कुणाला ते तिला —