हळकुंड गिळलेल्या फियाटची पुढील व्यवस्था

मी, श्यामसुंदर गेनबा शिळीमकर, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार कर्वेनगर, पुणे, आज शांत डोक्याने आणि कोणीही मागे लागलेले नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी पत्नी शालू हिचे मत वेगळे आहे, पण तिच्याकडे कोणी दाखला मागितलेला नाही.

खरे सांगायचे तर हा सगळा खटाटोप एका गाडीसाठी आहे. माझी फियाट माझ्यामागे सून ऋतुजा हिच्याकडेच गेली पाहिजे. ती तिच्याकडून कोणी काढून घेईल, एवढीच मला धास्ती आहे. मरणाचे मला विशेष काही वाटत नाही.

कलम १. राहता फ्लॅट माझ्या कमाईचा आहे. तो माझ्या पश्चात शालूचा आणि तिच्यानंतर आमचा मुलगा अनंत याचा. शालू असेपर्यंत त्याने तो विकण्याची भाषाही काढू नये. बँकेत जे काही आहे ते शालूचे. ते तिने प्रवासात उडवावे, मुलासाठी साठवत बसू नये.

कलम २. अनंत खराडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे, गुणी आहे, मला फोनही करतो. तरी त्याला गाडी मिळणार नाही. जिला मी आजवर कुठल्याही गॅरेजवाल्याचा हात लागू दिला नाही, तिला तो ‘डबा’ म्हणतो. बाबांच्या मागे डबा भंगारात घालू, असे तो माझ्यादेखत जेवताना म्हणाला आणि वर आमटी वाढून घेतली.

कलम ३. टॉर्क पाना, म्हणजे बोल्ट बेताचा आवळायचा पाना, माझे मित्र कादर शेख यांना द्यावा. द्यावा म्हणजे त्यांच्याकडून परत मागू नये, कारण तो स्कूटरसाठी म्हणून नेल्यापासून त्यांच्याच घरी आहे. कादर यांना मी साक्षीदार करणार होतो, पण ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष न दिलेली बरी, असे वकील म्हणाले. सही हवी की पाना, असे कादरना विचारले. त्यांनी पाना घेतला.

कलम ४. माझी थोरली बहीण मथुराबाई, म्हणजे आक्का. तिच्याबद्दल लिहायचे तर आधी घडलेले सांगावे लागेल.

आमच्याकडे खंडेनवमीला गाडीची पूजा वरवर होत नाही. बॉनेट उघडायचे, स्पार्क प्लग काढून, घासूनपुसून ताम्हनात पान्यांशेजारी मांडायचे, त्यांना कुंकू लावायचे आणि इंजिनावर विडा ठेवायचा, अशी माझी पद्धत. तो ऋतुजाचा सासरचा पहिला दसरा होता. शालूने विडा तिच्या हातात दिला. ठेवताना पान कलंडले आणि त्यातले हळकुंड प्लगच्या उघड्या भोकातून आत गेले. कोणाच्याच लक्षात आले नाही. आरती झाली, मी प्लग बसवले. दसऱ्याला सकाळी किल्ली फिरवली, तर आतून कडकन आवाज आला आणि इंजिन जागीच अडकले. विडा तपासला तेव्हा सुपारी हजर, खारीक हजर, हळकुंड गायब.

आक्का सणाला आली होती. भर पार्किंगमध्ये, चार शेजाऱ्यांसमोर ती म्हणाली, “पांढऱ्या पायाची सून आणलीत. आल्या आल्या चालती गाडी बंद पाडली.”

मला असा संताप आला म्हणून सांगू! पोर वर जाऊन बसली, श्रीखंडाला तिने हात लावला नाही. अनंतने लगेच भंगारवाल्याचा विषय काढला. दुपारी ती जुना ड्रेस घालून, ओढणी कमरेला खोचून खाली आली आणि म्हणाली, “अप्पा, काय मोडलंय ते मला बघायचंय. इंजिन उघडू या.”

मग आम्ही दोघांनी मिळून इंजिनाचे हेड उतरवले. आत हळकुंडाचा भुगा, पिस्टन पिवळाधमक आणि एक व्हॉल्व्ह वाकलेला. नवा व्हॉल्व्ह आणि गॅस्केट नाना पेठेतून आणले. व्हॉल्व्ह आपल्या जागी घट्ट बसावा म्हणून त्याला पेस्ट लावून, काठीला चिकटवून, ताक घुसळावे तसा दोन्ही तळहातांनी फिरवत घासावा लागतो. महाकंटाळवाणे काम. मी आपला ‘झालं, झालं’ म्हणत होतो. फट राहिली का ते बघायला रॉकेल ओतले आणि ते जरासे जरी पाझरले, की ही पुन्हा घासायला बसे. हात काळे, नाकावर ग्रीस, आणि दसऱ्यानंतर पहिल्यांदाच पोर हसत होती. दिवाळीच्या आत गाडी सुरू झाली. मी आनंदाने पार्किंगमध्ये शिट्टी वाजवली, ती सोसायटीच्या सेक्रेटरींना आवडली नाही. तेव्हापासून दर रविवारी गाडीचे काम आम्ही दोघे करतो.

आक्का मात्र अजून लग्नाकार्यात ‘हिनंच ते इंजिन फोडलं’ अशी सुनेची ओळख करून देते. दुरुस्त कोणी केले, ते सांगत नाही. म्हणून माझ्यामागे आक्काची भाऊबीजेची साडी दरवर्षी ऋतुजाने फियाटमधून न्यावी. आक्काने गाडीत बसून मंडईपर्यंत एक चक्कर मारावी आणि उतरल्यावर इंजिन कोणी दुरुस्त केले ते चारचौघांत सांगावे. न सांगितल्यास साडी द्यावीच, ती माझी बहीण आहे. पण पुढच्या वर्षीचा रंग तिच्या नावडीचा निवडावा.

कलम ५. फियाट आणि हत्यारांची पेटी ऋतुजाची. अनंतची बायको म्हणून नव्हे, माझी सून म्हणूनही नव्हे, तर तिची स्वतःची. बाहेरून आलेल्या मुलीचा आमच्या गाडीवर हक्क कसला, असे उद्या कोणी म्हणाले, तर त्याला हे कलम वाचायला द्यावे. माझा तिच्यावर फार जीव आहे. हे तोंडाने बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहिले.

कलम ६. हे कलम मागाहून घालावे लागत आहे. मसुदा टाइप करायला मी ऋतुजाकडेच दिला होता. कलम ५ पर्यंत आली आणि थांबली. मी पेपरमागे तोंड लपवून बसलो. ती म्हणाली, “अप्पा, तुम्ही गेल्यावर गाडी घेऊन मी काय करू? चुकीचा पाना लावला तर माझ्यावर ओरडणार कोण?” डोळ्यांत पाणी होते, पण हात किल्लीसाठी पुढे आलेला होता.

सबब कलम ५ रद्द समजावे. गाडी आणि पेटी मी आजच, जिवंतपणी, ऋतुजाला दिली असून नाव बदलण्याच्या कागदांवर सह्या केल्या आहेत. शेजारच्या सीटवर बसून तिच्यावर ओरडण्याचा हक्क मात्र मी हयातभर माझ्याकडे राखून ठेवतो.

सही: श्यामसुंदर गेनबा शिळीमकर

आमच्यासमोर त्यांनी वाचून, हसून सही केली. साक्षीदार:
१. हिंदुराव सर्जेराव जगदाळे, सेक्रेटरी (शिट्टीबद्दलची हरकत कायम आहे)
२. डॉ. मच्छिंद्र सोनबा खैरे

स्थळ: कर्वेनगर, पुणे
दिनांक: ९ जुलै २०२३