बगळ्याचा एक पाय

आष्टा, मंगळवार, संध्याकाळ

चैन पडत नाही. दिवसभर पाठ्यपुस्तकांची चित्रं काढायची आणि मोकळ्या वेळात गंमत म्हणून एका वहीत घरच्यांना, शेजाऱ्यांना पक्षी करायचं, हा माझा चाळा. ती वही आज मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या हाती लागली. त्यांना मी बगळा केलंय. पांढराशुभ्र, लांब मान, उसाच्या पाटात एका पायावर उभा.

तो एक पाय! फौजेत जायबंदी झालेला त्यांचा उजवा पाय अजून जमिनीवर नीट टेकत नाही. चित्र काढताना हे माझ्या डोक्यातच कसं आलं नाही?

"ह्यो मीच न्हवं?" त्यांनी विचारलं.

"आवं मामा, बगळे तसेच उभे राहतात की." मी घाईघाईनं म्हटलं.

"व्हय. पन बगळा दमला की पाय बदलतो. मला कुठं बदलता येतोय?"

मी पान फाडायला गेले, तर त्यांनी वही ओढून घेतली. "फाडू नगं. मान तेवढी ताठ कर. फौजी हाय मी."

मी त्यांच्यासमोरच मान खोडून ताठ काढली. दुसरा पायही काढू का, हे विचारायला जीभ रेटली नाही. मग ते वही घेऊन आत सासूबाईंना दाखवायला गेले आणि मोठ्यानं हसले. खरंच हसले, की मला बरं वाटावं म्हणून?

वही परत माझ्याकडे आलीय. आणि आता सासूबाई दारात उभ्या. "मला काय केलंयस गं?" पुढच्या पानावर भांडकुदळ साळुंकी आहे. मी त्यावर हात ठेवून बसलेय.