वेणी फुलल्याचं कोरं कार्ड

अण्णा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. परवा माळा झाडताना तुमची रानफुलांच्या फोटोंच्या नोंदींची वही सापडली. ती वाचली आणि तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे हे पुन्हा टोचायला लागलं, म्हणून लिहायला बसले आहे.

साताऱ्याहून तुमची सांगलीला बदली झाली तेव्हा मला केवढा आनंद झाला होता, हे तुम्हाला कधी कळलंच नाही. सांगलीत डोंगर नाहीत, म्हणजे झाडांवर उगवणारी तुमची ती ऑर्किडं, त्या आमऱ्या नाहीत, म्हणजे रविवारी अण्णा आमचे. पण तुम्ही कसले ऐकताय. कासच्या वाटेवर ज्या शेतकऱ्याच्या आंब्यावर सीतेची वेणी ही आमरी फुलायची, त्याच्याकडे तुम्ही स्वतःचा पत्ता लिहिलेली कोरी कार्डं ठेवून आलात. त्याला लिहिता येत नव्हतं. कळी दिसली की त्याने कार्ड तसंच पोस्टाच्या पेटीत टाकायचं. असं कोरं कार्ड दारात पडलं की आई म्हणायची, "आली बघा माझी सवत." ती हसून म्हणायची. मला हसू यायचं नाही. मी जळायचे, अण्णा, त्या झाडावरच्या फुलावर अक्षरशः जळायचे.

बहात्तरच्या दुष्काळात वेणी फुललीच नाही. पुढच्या उन्हाळ्यात मला अकरावं लागायचं होतं. तोवर माझा एकही फोटो नव्हता. आईने तुमच्या मागे लागून कबूल करून घेतलं की वाढदिवसाला नव्या झग्यात कृष्णेच्या घाटावर माझा फोटो काढायचा. आणि नेमकं आदल्या दिवशी कार्ड आलं. "अहो, पोरीचं काय?" आई म्हणाली. "तिलाही नेतो की. तिकडेच काढू," तुम्ही म्हणालात आणि पिशवी भरायला लागलात.

तो आंबा अजून डोळ्यांसमोर आहे. शेतकरी शिडी धरून उभा आहे आणि सांगतोय, "आवं सायेब, औंदा लय फुललीया. गेल्या सालाचं उट्टं काढलंय तिनं." तुम्ही वर चढलाय. कॅमेऱ्याच्या रोलमध्ये बाराच फोटो. दर फोटोआधी तुम्ही वारा पडायची वाट बघता आणि त्या फुलाला हळूच म्हणता, "हलू नकोस हं, बाळा." बाळा! मी तुमची कायम 'ए पोरी' होते. खाली झगा सावरत मी खटके मोजत बसले होते. अकरा झाले. निदान शेवटचा तरी माझा, असं म्हणता म्हणता खोडाला टेकून मला झोप लागली. उठले तर तुम्ही म्हणालात, "रोल संपला, चल." मी विचारलं, "आणि माझा?" तुम्ही नुसते हसलात, "बघू की," म्हणालात आणि हातपाय धुवायला विहिरीवर गेलात.

कॅमेरा पिशवीवर होता. मी मागचं झाकण उघडलं, गुंडाळलेली फिल्म बोटाने सैल केली, उन्हात धरली आणि पुन्हा होती तशी करून झाकण लावलं.

सांगलीच्या स्टुडिओवाल्याने सांगितलं, आत उजेड शिरलाय, एकही फोटो आला नाही. तुम्ही जेवताना आईला म्हणालात, "माझंच चुकलं. झाकण नीट लागलं नसणार." समोर मी वरणभात खात होते. त्या दिवसापासून तुम्ही कॅमेऱ्याला परकराची नाडी बांधायला लागलात, ती शेवटपर्यंत.

वहीत त्या दिवसाचं पान आहे. एक ते अकरा, सीतेची वेणी: कुठली फांदी, ऊन किती, वारा कसा. त्याखाली तुमच्याच अक्षरात लिहिलंय, "१२. आमचं बाळ, आंब्याखाली, झोपलेलं. एकदाही हललं नाही."

तुम्ही मला हे का सांगितलं नाहीत? मला वाईट वाटेल म्हणून, दुसरं काय असणार. त्या वयातला माझा फोटो आजही नाही, आणि तो कोणी घालवला हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. हा कागद आता त्याच पानात ठेवून देते. झाकण मी उघडलं होतं, अण्णा. बाराव्या फोटोसाठी मी परवापासून रडते आहे. पण खरं सांगू, ते अकरा गेले याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.